साक्षीदाराच्या जागी राक्षस

खऱ्या माणसांच्या बेपत्ता होण्यावर रचलेल्या अमानवी थरारकादंबऱ्यांची बाजू घेताना एक विधान हमखास केलं जातं: पुरावा जिथे संपतो, तिथून कल्पनेचा अधिकार सुरू होतो. ऐकायला ते रास्त वाटतं. इतिहासकाराला जिथे थांबावं लागतं, तिथून कादंबरीकारानं पुढे जावं. ज्या रात्रीचा कोणी साक्षीदार नाही, ती रात्र त्यानं लिहावी. तिथे त्यानं भूत आणलं काय किंवा हिमराक्षस आणला काय, कोणाचं काय बिघडतं?

कल्पनेच्या अधिकाराशी माझं भांडण नाही. माझा आक्षेप या विधानाच्या पहिल्या अर्ध्या भागाला आहे. या प्रकारातली जी उदाहरणं सर्वाधिक गाजली, त्यांत पुरावा संपलेला नव्हताच. साक्षीदार होते, त्यांनी सांगितलं होतं, वस्तूही बोलत होत्या. हा पुरावा आधी बाजूला सारला गेला आणि मग मोकळ्या झालेल्या जागेला ‘गूढ’ म्हटलं गेलं. हा खुलासा एकदा नीट व्हायला हवा, कारण आता आपल्याकडचे तरुण लेखकही सत्य घटनेवर आधारलेल्या भयकथांकडे वळू लागले आहेत.

सर्वांत ठळक उदाहरण घेतो. १९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश आरमाराची दोन जहाजं थेम्स नदीतून निघाली. उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिक महासागराकडे जाणारा वायव्य सागरी मार्ग त्यांना शोधायचा होता. ग्रीनलंडहून पाच जणांना माघारी पाठवल्यावर जहाजांवर १२९ माणसं उरली. जुलैच्या अखेरीस बॅफिन उपसागरात देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजांना ती दिसली. पुढे त्यांतला एकही माणूस परत आला नाही. १८५९ साली किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत एक कागद सापडला. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन वारले, एकूण २४ जण दगावले, बर्फात अडकलेली जहाजं २२ एप्रिल १८४८ रोजी सोडून दिली आणि उरलेले १०५ जण दक्षिणेकडे बॅक नदीच्या दिशेनं निघाले, एवढं त्यावर नोंदवलेलं होतं.

या मोहिमेवर अमेरिकन लेखक डॅन सिमन्स यांनी २००७ साली ‘द टेरर’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावर २०१८ साली दूरचित्रवाणी मालिकाही आली. कादंबरीत उपासमार आहे, स्कर्व्ही आहे, खराब झालेले डबाबंद पदार्थ आहेत. पण बर्फावर माणसांना एकेक करून टिपणारा आहे तो तुनबाक नावाचा अजस्र, अमानवी प्राणी. तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांच्या पुराणकथांचा आधार असल्यासारखा तो उभा केलेला आहे, प्रत्यक्षात तो लेखकानं घडवलेला आहे. लेखकाच्या ताकदीबद्दल मला शंका नाही. थंडी, अंधार, लाकूड चिरडणाऱ्या बर्फाचा आवाज हे सगळं त्यांनी ज्या तपशिलानं लिहिलं आहे, तो अभ्यासाशिवाय येत नाही. म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो. एवढा अभ्यास करणाऱ्या लेखकानं साक्षीदारांचं काय केलं?

कारण साक्षीदार होते. १८५४ साली हडसन्स बे कंपनीचे डॉ. जॉन रे यांना इनुइट लोक भेटले आणि त्यांनी काय घडलं ते सांगितलं. काही वर्षांपूर्वी चाळीसेक गोरी माणसं होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसली होती, ती कृश झाली होती. नंतर त्यांतल्या पुष्कळांची प्रेतं सापडली. प्रेतांची आणि भांड्यांची अवस्था पाहता अखेरच्या दिवसांत या माणसांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, हे उघड होतं. इनुइटांकडून रे यांनी चांदीचे चमचे, काटे आणि फ्रँकलिन यांचं नाव कोरलेली छोटी बशी विकत घेतली. म्हणजे साक्ष होती, तिला दुजोरा देणाऱ्या वस्तूही होत्या.

लंडननं ही साक्ष फेटाळली. फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन यांना ती सहन होणं शक्य नव्हतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्यांच्या बाजूनं उतरले ते त्या काळचे सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार, चार्ल्स डिकन्स. डिसेंबर १८५४ मध्ये आपल्या साप्ताहिकात त्यांनी लिहिलेल्या युक्तिवादाचा सारांश असा, की इंग्रज आरमाराची शिस्तबद्ध माणसं असं वागणारच नाहीत, ‘रानटी’ लोकांच्या ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवता येत नाही, आणि कदाचित या लोकांनीच आपल्या माणसांचा जीव घेतला असेल. जे सांगायला आले, त्यांनाच संशयित ठरवलं गेलं. फ्रँकलिन मोहिमेचं ‘गूढ’ जन्माला आलं ते या क्षणी. बर्फात जे घडलं त्यानं ते निर्माण झालं नाही. लंडनमध्ये बसून केलेल्या नकारानं ते निर्माण झालं.

पुढच्या काळात इनुइट सांगतच राहिले. १८६० च्या दशकात चार्ल्स फ्रान्सिस हॉल यांनी टूकूलिटो आणि एबिएरबिंग या इनुइट जोडप्याच्या मदतीनं त्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. १८७९ मध्ये फ्रेडरिक श्वाट्का यांना पुहतूराक नावाच्या म्हाताऱ्यानं अॅडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेला बुडालेल्या जहाजाबद्दल सांगितलं. त्यावर आपण स्वतः चढलो होतो आणि आत एका गोऱ्या माणसाचं प्रेत होतं, असंही सांगितलं. जहाज कोणत्या भागात बुडालं, हे इनुइटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘एरेबस’ सापडलं ते याच भागात, जेमतेम अकरा मीटर खोल पाण्यात. दोन वर्षांनी ‘टेरर’ सापडलं ते किंग विल्यम बेटाच्या नैर्ऋत्येला. त्याच बेटावरच्या ग्योआ हेवन गावच्या सॅमी कोगविक यांनी काही वर्षांपूर्वी तिथे बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा लाकडी खांब पाहिला होता. त्यांनी ते सांगितलं आणि शोधजहाज तिकडे वळलं. याच गावचे लुई कामूकाक यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून या हकिकती गोळा करण्यात आयुष्य घातलं होतं.

नरभक्षणाच्या साक्षीचंही तेच झालं. किंग विल्यम बेटावर १९९२ साली सापडलेल्या हाडांवर धारदार पात्याच्या खुणा आहेत, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. २०२४ मध्ये त्याच जागच्या एका जबड्याच्या हाडाची ओळख डीएनएवरून पटली. ते ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचं होतं. दगडांच्या राशीतल्या त्या कागदावर सही करणाऱ्यांपैकी ते एक, आणि त्यांच्या जबड्यावर कापल्याच्या खुणा होत्या. डिकन्स यांनी ज्यांना खोटं ठरवलं, ते खरं बोलत होते.

आता कादंबरीकडे परत येऊ. तिच्यातलं सर्वांत महत्त्वाचं इनुइट पात्र ही एक तरुणी आहे. तिला जीभ नाही. खलाशी तिला ‘लेडी सायलेन्स’ म्हणतात. ज्या खऱ्या घटनेत फक्त इनुइटच बोलले, आणि दीडशे वर्षं न थकता बोलत राहिले, त्या घटनेवरच्या कादंबरीत इनुइट स्त्री मुकी आहे. लेखकाचे चाहते म्हणतील की ती मूर्ख नाही, दुबळी नाही, उलट शेवटी ‘टेरर’चा कप्तान क्रोझियर तिचंच जग स्वीकारतो. हे खरं आहे, आणि लेखकाच्या मनात तिरस्कार नव्हता हेही मी मान्य करतो. पण आदरानं मुकं केलं तरी माणूस मुकाच राहतो. तिला देवत्वाची छाया मिळाली, अमानवी शक्तीशी मूक संवाद मिळाला. तिच्या खऱ्या भाऊबंदांनी जे केलं ते मात्र तिला करता येत नाही: काय पाहिलं ते सरळ शब्दांत सांगणं. डेव्हिड वुडमन यांचं इनुइट साक्षींचा बारकाईनं अभ्यास करणारं पुस्तक १९९१ सालीच छापून आलं होतं. तेव्हा पुरावा संपला होता म्हणून कल्पना धावली, असं म्हणायला जागाच उरत नाही.

राक्षस आणल्यानं आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. राक्षस माणसांना दोषमुक्त करतो. फ्रँकलिन यांची माणसं मेली त्याला माणसांचे निर्णय कारण होते. मोहिमेचे डबाबंद पदार्थ पुरवण्याचं कंत्राट स्टीफन गोल्डनर यांना निघण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी मिळालं आणि माल घाईघाईत तयार झाला. त्या डब्यांनी नेमकं किती नुकसान केलं यावर संशोधक अजून वाद घालतात, पण घाई झाली याबद्दल वाद नाही. जवळच्या नकाशात किंग विल्यम बेट मुख्य भूमीला जोडलेलं दाखवलं होतं, त्यामुळे पूर्वेकडचा सुरक्षित मार्ग जहाजांसाठी बंदच होता आणि ती पश्चिमेच्या जाड, सरकत्या बर्फात शिरली. आरमारानं शोधमोहिमा पाठवल्या त्या १८४८ मध्ये, म्हणजे माणसं जहाजं सोडून चालू लागली त्या वर्षी. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर जबाबदार माणसाचं किंवा कार्यालयाचं नाव घालता येतं. कादंबरीत हे तपशील असतीलही, पण वाचकाच्या मनात उरतो तो बर्फातून झेपावणारा पंजा. पंजाला जाब विचारता येत नाही.

आणि जिवंत राहण्याचा मार्ग होता. रोआल्ड आमुन्सेन १९०३ साली ‘ग्योआ’ या छोट्या जहाजातून तिथे गेले. बेटाच्या पूर्वेकडून गेले, आज ज्याला ग्योआ हेवन म्हणतात तिथे दोन हिवाळे राहिले, आणि नेत्सिलिक इनुइटांकडून कपडे कसे शिवायचे, कुत्र्यांची गाडी कशी हाकायची हे शिकले. १९०६ मध्ये ते पलीकडे पोहोचले. तेच बेट, तोच बर्फ, तेच शेजारी. ज्यानं शेजाऱ्यांचं ऐकलं तो परतला. यापेक्षा मोठं नाट्य कोणता राक्षस देणार?

एका कादंबरीवरून सगळ्या प्रकाराला दोष देऊ नये, असं कोणी म्हणेल. म्हणून आणखी दोन उदाहरणं पाहू.

डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटांच्या पूर्वेला ‘मेरी सेलेस्ट’ हे जहाज माणसांविना तरंगताना सापडलं. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्यांची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी कायमचे नाहीसे झाले. १८८४ मध्ये तरुण आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘कॉर्नहिल’ मासिकात यावर कथा लिहिली. तिच्यात जहाजाच्या होड्या जागच्या जागी आहेत आणि गोऱ्यांच्या द्वेषानं पेटलेला एक मिश्रवंशीय खलनायक सगळं घडवून आणतो. प्रत्यक्षात जहाजाची एकमेव होडी गायब होती, तिच्याबरोबर दिशादर्शक उपकरणं आणि कागदपत्रंही. याचा अर्थ माणसं घाईनं, पण विचार करून होडीत उतरली. जहाजात १७०१ पिंपं अल्कोहोल होतं, तेव्हा स्फोटाच्या भीतीनं ती उतरली असावीत, हा तर्क आजही सर्वांत सयुक्तिक मानला जातो. कथेनं ती होडी परत जागेवर टांगली. उत्तराकडे नेणारा नेमका तेवढाच पुरावा पुसला गेला आणि त्या जागी एका वंशावरचा संशय आला. पुढे कित्येक दशकं लोक जहाजाचं नावसुद्धा डॉयल यांनी कथेत बदलून लिहिलेलं, ‘मारी सेलेस्ट’ असंच घेत राहिले.

डिसेंबर १९०० मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहातले तीन रखवालदार, जेम्स डुकाट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर, नाहीसे झाले. २६ डिसेंबरला पोहोचलेल्या जोसेफ मूर यांना स्वयंपाकघर नीटनेटकं, भांडी घासलेली दिसली. १९१२ साली विल्फ्रिड विल्सन गिब्सन यांच्या कवितेनं मात्र टेबलावर न खाल्लेलं जेवण आणि उलटलेली खुर्ची आणून ठेवली. तेव्हापासूनच्या शेकडो भयकथांत ते जेवण तसंच पडून आहे. दीपगृह खात्याचे अधीक्षक रॉबर्ट मुइरहेड यांनी जे पाहिलं ते मात्र विसरलं गेलं. पश्चिमेच्या धक्क्यावर समुद्रापासून ११० फूट उंचीवरची दोरखंडांची पेटी फुटलेली होती, लोखंडी कठडे वाकलेले होते, टनाहून जड दगड जागचा हललेला होता. दोघांचे बाहेर जायचे तेलकापडी अंगरखे नव्हते. तिसऱ्याचा मात्र खुंटीवरच होता. म्हणजे तो अंगातल्या कपड्यांनिशी धावत बाहेर गेला. लाटेनं तिघांना ओढून नेलं असा निष्कर्ष मुइरहेड यांनी काढला. सोबत्यांसाठी वादळात धावलेला एक माणूस आपण गमावला, आणि त्याच्या बदल्यात आपल्याला एक शापित बेट मिळालं.

तीन घटना, तीन वेगळे लेखक, आणि पद्धत एकच. फ्रँकलिन मोहिमेत साक्षीदार मुके झाले, ‘मेरी सेलेस्ट’वर होडी परत आली, फ्लॅननवर जेवण वाढलं गेलं. पुरावा पुसला गेला आणि त्याचा रिकामा कोपरा वाचकाला गूढ म्हणून विकला गेला.

यावर येणाऱ्या उत्तरांकडे वळतो. पहिलं उत्तर: वाचक एवढा भोळा नसतो, त्याला कादंबरी आणि इतिहास यांतला फरक कळतो. राक्षसाच्या बाबतीत कळतो, हे खरं. तुनबाक होता असं कोणी मानत नाही. पण न खाल्लेल्या जेवणाच्या बाबतीत कळला नाही, होडीच्या बाबतीत कळला नाही. वाचक अद्भुताला खोटं समजतो आणि त्याच्या आसपासच्या साध्या तपशिलांना खरं. त्यामुळे राक्षसापेक्षा खुर्ची जास्त फसवते.

दुसरं उत्तर: मेलेल्यांची तक्रार कसली? त्यांची तक्रार नाही, म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. ‘टेरर’वर कॉर्नेलियस हिकी नावाचा एक खरा खलाशी होता. फटी बुजवून जहाज जलरोधक ठेवणाऱ्याचा तो मदतनीस. त्याच्याविरुद्ध कोणत्याही गुन्ह्याची नोंद नाही. कादंबरीनं त्याला त्याच्या नावानिशी खुनी आणि नरभक्षक खलनायक केलं. मालिका करणाऱ्यांना यातली अडचण जाणवली असावी. त्यांनी तो माणूस खऱ्या हिकीचं नाव चोरलेला तोतया दाखवला. वाट होती, आणि ती फार कठीणही नव्हती. शिवाय सगळे मेलेले नाहीत. २०२१ मध्ये ‘एरेबस’वरच्या जॉन ग्रेगरी यांच्या अवशेषांची ओळख पटली ती त्यांच्या हयात वंशजाच्या डीएनएमुळे. ग्योआ हेवनमध्ये त्या साक्षीदारांचे वारस आज राहतात.

तिसरं उत्तर सर्वांत जोरकस आहे: अशा कादंबऱ्यांमुळेच लोक विसरलेल्या घटनांकडे वळतात. वळतात, यात शंका नाही. पण ‘टेरर’ जहाज सापडलं ते कोगविक यांच्या आठवणीमुळे. कुतूहल जागवणं हे श्रेय आहे, पण ते कुतूहल कोणत्या दिशेला लावलं जातं, याचा हिशेब लेखकाला द्यावाच लागतो. ज्या वाचकाच्या मनात राक्षस बसला, त्याला कामूकाक यांचं काम नीरस वाटणार.

मी अमानवी कथांवर बंदी मागत नाही. नारायण धारप यांच्या कथा वाचत मोठी झालेली मराठी पिढी मला तसं करू देणार नाही, आणि तशी इच्छाही नाही. धारप काय, रत्नाकर मतकरी काय, त्यांनी भीती उभी केली ती प्रामुख्यानं स्वतः रचलेल्या घरांत, स्वतः रचलेल्या माणसांत. त्या भीतीला कोणा खऱ्या मृताचं नाव लागत नव्हतं, तरी रात्री झोप उडत होती. आणि खऱ्या घटनेवर लिहायचं असेल तरी रीत आहे. एमा स्टोनेक्स यांनी २०२१ मध्ये ‘द लॅम्पलाइटर्स’ लिहिताना फ्लॅननची घटना कॉर्नवॉलला नेली, काळ १९७२ केला, माणसांची नावं बदलली. गूढ टिकलं, भीती टिकली, आणि तिघा खऱ्या रखवालदारांवर एकही डाग पडला नाही.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट, जिला विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘वीजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिच्यावर लोकगीतं झाली. उद्या कोणी मराठी लेखक तिच्यावर समुद्रपिशाच्चाची कादंबरी लिहील, तर त्यानं आधी विचारावं: जहाजावर जीव वाचवणाऱ्या होड्या किती होत्या? वादळात ते पुढे का नेलं गेलं? निर्णय कोणाचा होता? या प्रश्नांना पिशाच्चानं गिळू नये.

म्हणून अशा कादंबऱ्यांकडून तीन अपेक्षा ठेवायला हव्यात, आणि त्या ठेवणं समीक्षकांचं व संपादकांचं काम आहे. खऱ्या माणसावर नोंद नसलेला गुन्हा लादायचा असेल, तर त्याचं नाव बदला. पाहिलेलं सांगणारा माणूस इतिहासात असेल, तर तो कादंबरीतही बोलला पाहिजे. त्याचं म्हणणं नाकारायचं असेल तर नाकारा, पण आधी ते वाचकापर्यंत पोहोचू द्या. आणि उत्तराकडे नेणारा पुरावा केवळ भीती वाढावी म्हणून बदलला असेल, तर पुस्तकाच्या शेवटी ते स्पष्ट लिहा. या अटींनी एकही चांगली भयकादंबरी मरणार नाही. मरेल ती फक्त न ऐकण्याची जुनी सवय, जिनं खरं बोलणाऱ्या इनुइटांना दीडशेहून अधिक वर्षं खोटं ठरवलं. ती मरायलाच हवी.